संक्रांतीचा गूळ: कुणी वितळवतो, कुणी चिरतो, कुणी भातात शिजवतो

पौषात घरात येणारा माल देशभर साधारण सारखाच असतो. नवा गूळ, नवे तांदूळ, तीळ, भुईमूग, ऊस, ओला हरभरा, बोरं. सूर्य मकर राशीत जातो तो क्षणही सगळ्यांचा एकच. तरी त्या दिवशी पुण्यात तिळाचे लाडू वळतात, म्हैसूरला तिळात गुळाचे खडे कालवतात, मदुराईत नव्या तांदळाचं आधण उतू जाऊ देतात आणि गयेत तिळकूट कुटतात.

खरा फरक आहे तो गुळाचं काय करायचं यात. मराठी घर गुळाचा पाक करतं, कानडी घर तो चिरतं, तमिळ घर भातात शिजवतं, बंगाली घर उसाचा गूळ बाजूला ठेवून खजुरीचा घेतं. गुळाचा स्वभाव एकदा कळला की यातला कुठलाही पदार्थ आपल्या ओट्यावर नीट उतरतो. आणि शेजारच्या घरून आलेल्या ताटात काय आहे, ते तसंच का आहे, हेही कळतं.

आधी तारीख

सूर्याला एका राशीतून निघून पुन्हा त्याच राशीत यायला ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे ९ मिनिटं लागतात. त्यामुळे संक्रमणाचा क्षण दरवर्षी सहा तासांनी पुढे सरकतो आणि लीप वर्षाचा जादा दिवस त्याला मागे खेचतो. २०२४ मध्ये तो मध्यरात्र उलटल्यावर आला म्हणून सण १५ जानेवारीला झाला. २०२५ आणि २०२६ मध्ये तो १४ तारखेला दिवसाउजेडी आला म्हणून १४ ला. क्षण सूर्यास्तानंतर आला तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून वर्षाची तारीख पंचांगात बघूनच ठरवा. वरच्या ९ मिनिटांची भर साचत जाते आणि लीप वर्षाचे काही दिवस शतकाच्या वळणावर गळतात. त्यामुळे सरासरी ७२ वर्षांत सण एक दिवस पुढे जातो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता.

दोन गोष्टींची गल्लत होते. पंजाबी लोहरी ही संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळची, बहुधा १३ जानेवारीची. १४ ला तिथे माघी असते. त्यामुळे पंजाबी शेजाऱ्यांना शुभेच्छा द्यायच्या तर एक दिवस आधी द्या. दुसरी गल्लत हळदीकुंकवाची. संक्रांत सूर्यावर चालते, पण हळदीकुंकू जिथे संपतं ती रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीची, म्हणजे तिथीची. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच आली. एका वर्षी तीन आठवडे मिळतात, दुसऱ्या वर्षी जेमतेम अकरा दिवस. वाण आणण्याआधी हे बघून घ्या, नाहीतर बोलावणी उरतात आणि सप्तमी होऊन जाते.

पाकातला तिळाचा लाडू

सगळ्यात जास्त बिघडणारा पदार्थ हाच, म्हणून यावर जरा थांबू.

एका घाण्याचं प्रमाण असं: तीळ २५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ २५० ग्रॅम, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट ५० ग्रॅम, पंढरपुरी डाळं २५ ग्रॅम, साजूक तूप दोन चमचे, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा. छोट्या सुपारीएवढे ४५ च्या आसपास लाडू होतात. एका वेळी यापेक्षा जास्त घेऊ नका. मिश्रण कढईतून निघाल्यावर वळायला पाच-सात मिनिटंच मिळतात. किलोभर तिळाचे करायचे असतील तर चार घाणे काढा. एकदम किलोभर घेतलं तर शेवटचे अर्धे लाडू कढईतच दगड होतात.

तीळ गावरान, बिनपॉलिशचे घ्या. त्यांना चव असते, पण मातीही असते. आदल्या दिवशी पाण्यातून दोनदा काढून, निथळून, कापडावर पसरून पूर्ण वाळवा. किंचित ओल राहिली तरी तीळ भाजताना फुलत नाहीत आणि लाडू चामट होतो. भाजायला जाड बुडाची कढई, मंद ते मध्यम आच आणि सतत हलवणं. पाच-सहा मिनिटांत तीळ तडतडायला लागतात, हलके होतात, बोटात चुरले की खमंग वास येतो. रंग गुलाबीसर झाला की लगेच परातीत काढा. कढई गॅसवरून उतरवून तीळ तसेच ठेवले तर तापलेल्या बुडाने ते पुढे भाजत राहतात आणि लाडू कडवट होतो. हा कडूपणा गुळाने झाकला जात नाही.

आता पाक. कढईत तूप, त्यावर बारीक चिरलेला गूळ. पाणी घालायचं नाही. गूळ फारच कोरडा असेल तर एक चमचा, त्याहून जास्त नाही, कारण घातलेलं सगळं पाणी पुन्हा आटवावं लागतं आणि तेवढ्यात गूळ करपतो. मंद आचेवर गूळ वितळतो, मग मोठे फुगे येतात, मग फुगे बारीक आणि दाट होतात, रंग एक छटा गडद होतो. फेस दाटला की वाटीत गार पाणी घेऊन दर अर्ध्या मिनिटाने थेंब टाकून बघा.

थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा आहे. मऊ गोळी वळली आणि बोटाने चपटी झाली तर तो मऊ वडीचा पाक. गोळी कडक झाली आणि ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजली की लाडवाचा पाक तयार. याच्याही पुढे गेलं, की थेंब काडीसारखा कट्‌कन मोडतो. तो पातळ चिक्कीचा पाक, त्याचे लाडू वळत नाहीत. तापमापक असेल तर लाडवाला १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास, चिक्कीला १४५ ते १५०.

टण्ण वाजलं की गॅस बंद करा. हवा तर खायच्या सोड्याची चिमूट टाका. गुळातल्या आंबटपणाशी मिळून सोड्याचे फुगे उठतात आणि लाडू खुसखुशीत होतो. चिमटीपेक्षा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. लगेच तीळ, कूट, डाळं, वेलदोडा घालून उलथन्याने खालवर करा. तीळ या वेळी कोमट असावेत, कारण गार तिळांवर पाक पडल्या पडल्या घट्ट होतो. मिश्रण तूप लावलेल्या ताटात चमच्याने छोट्या छोट्या ढिगांत टाका, आणि घरात जेवढे हात असतील तेवढे कामाला लावा. हाताला नुसतं ओलसर करण्यापुरतं पाणी किंवा तूप. आधी ढीग नुसते गोळा करायचे, सगळे झाले की पहिल्यापासून पुन्हा एकदा गोल फिरवायचे. पहिल्याच लाडवाला सुबक करत बसलं की उरलेले हातचे जातात.

मिश्रण वळत नाहीसं झालं तर ते परत कढईत घालून अगदी मंद आचेवर मिनिटभर ठेवा. हे एकदा चालतं. दुसऱ्यांदा केलं तर पाक पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी लाडू चिकट होऊन बसले, तर पाक कच्चा राहिला. सगळे लाडू कढईत घालून मंद आचेवर सैल करा, दोन मिनिटं ढवळा, पुन्हा वळा. दाताला दाद देत नसतील तर पाक पुढे गेला. असे लाडू खलबत्त्यात कुटून गूळपोळीच्या सारणात घाला, वाया जाणार नाहीत. आणि मिश्रणाचा भुगा होऊन काहीच एकत्र येत नसेल, तर दोष गुळाचा. साध्या गुळाचा पाक आटवला की त्यातली साखर पुन्हा दाणेदार होते आणि चिकटपणा जातो. परदेशात चिक्कीचा गूळ सहसा मिळत नाही, तिथे २५० ग्रॅम साध्या गुळाला एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप घाला. त्याने साखरेचे दाणे बनत नाहीत.

घरात दात नसलेलं कुणी असेल तर पाकाच्या नादी लागू नका. भाजलेले तीळ २५० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, मऊ साधा गूळ २०० ग्रॅम. तीळ आणि दाणे मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा, मग गुळासह पुन्हा एकदा फिरवा. तिळाचं तेल सुटतं आणि लाडू हाताने सहज वळतो. मिक्सर सलग चालवला तर तेल इतकं सुटतं की लाडू तेलकट होतो. कुटलेले तीळ लवकर खवट होतात, म्हणून हे आठवड्यात संपवा. पाकातले मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर टिकतात. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत डबा सतत उघडला की गूळ ओल ओढून घेतो, म्हणून रोजच्या वाटपाचे लाडू वेगळ्या डब्यात काढा.

गूळपोळी

पुरणपोळीइतकीच मानाची, पण टिकाऊ. नीट भाजलेली गूळपोळी आठ-दहा दिवस राहते.

सारण आदल्या दिवशी करा म्हणजे मुरतं. मऊ पिवळा गूळ ५०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम (चार मोठे चमचे तेलात खमंग भाजून), तिळाचा कूट ७५ ग्रॅम, भाजलेल्या खसखशीचा कूट आणि भाजलेलं सुकं खोबरं २५-२५ ग्रॅम, वेलदोडा, जायफळ. गूळ किसून तळहाताने मळत मळत प्रत्येक खडा मोडा. एक खडा राहिला तरी लाटताना तिथेच पोळी फाटते. बेसन नुसतं चवीला नाही, तव्यावर वितळणारा गूळ ते धरून ठेवतं. सारण पेढ्यासारखं वळलं पाहिजे. सैल वाटलं तर भाजलेलं बेसन वाढवा, कोरडं वाटलं तर चमचाभर तेल. दूध घालू नका, पोळी टिकत नाही.

वरच्या पारीला कणीक ३५० ग्रॅम, मैदा ७५, बेसन २५, मीठ आणि चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवा. लाटण्याआधी एक बोट पिठात आणि एक सारणात दाबून बघा. दोन्हीकडे सारखंच रुतलं पाहिजे. पीठ सैल आणि गूळ घट्ट असेल तर गूळ मधेच राहतो आणि कडेला नुसती चपाती उरते. बिघडलेल्या गूळपोळ्यांत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

पुरणपोळीसारखा उंडा भरू नका. १५ ग्रॅमच्या दोन लाट्या पुरीएवढ्या लाटा, मधे ३५ ग्रॅम सारणाची चपटी गोळी ठेवा, कडा दाबा आणि तांदळाच्या पिठीवर लाटा. हात मधून कडेकडे न्या, पोळी उलटू नका. गूळ कडेपर्यंत पोचला नाही तर कातण्याने कड कापून टाका. मध्यम आचेवर दोन्ही बाजू भाजा. गूळ बाहेर आला तर पोळी काढल्यावर तवा लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तो गूळ जळून पुढच्या पोळीला काळे डाग आणि कडू वास देतो. झालेल्या पोळ्या कागदावर सुट्या पसरा, पूर्ण गार झाल्यावरच एकावर एक ठेवा. वरच्या मापात २२-२३ पोळ्या होतात. वाढताना वर साजूक तूप.

भोगी: नाव एक, रीत वेगळी

महाराष्ट्रात संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाच्या डाळीची खिचडी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण या ताटावरूनच आली. भाजीत वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे, असेल तर वालपापडी. सगळं एकदम टाकलं की वांग्याचा लगदा होतो आणि हरभरा कच्चा राहतो. आधी शेंगदाणे, हरभरा, पावटा आणि ऊस झाकण ठेवून दहा मिनिटं, मग गाजर, मग वांगी आणि बोरं. शेवटी तीळ-खोबऱ्याचा कूट, गोडा मसाला आणि सुपारीएवढा गूळ. भाकरीला तीळ चिकटत नाहीत अशी तक्रार असते. तीळ परातीत आधी पसरा, त्यावर भाकरी थापा, आणि तव्यावर टाकताना तिळाची बाजू खाली येऊ द्या. पाणी फिरवायचं ते वरच्या, बिनतिळाच्या बाजूला.

आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूतही आदला दिवस भोगीच, पण तिथे पहाटे शेकोटी पेटवून जुनं-पानं जाळतात. तेलुगू घरांत त्याच संध्याकाळी लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं, फुलांच्या पाकळ्या आणि नाणी ओततात. त्याला 'भोगि पळ्ळु' म्हणतात. आपल्या बोरन्हाणाचं हे सख्खं भावंड. सोलापुरात तेलुगू आणि मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत, तिथे हे साम्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

बोरन्हाणाबद्दल एक कळकळीचं सांगणं. वर्षा-दोन वर्षांचं मूल अंगावर पडलेली वस्तू उचलून थेट तोंडात घालतं. बोराची बी, शेंगदाणा, हरभरा, हलव्याचा दाणा, गोळी, नाणं यांतलं काहीही घशात अडकू शकतं. चार वर्षांखालच्या मुलावर चुरमुरे, साळीच्या लाह्या आणि पाकळ्याच ओता. बोरं, ऊस आणि हलवा बाजूच्या सुपात ठेवून जमलेल्या मोठ्या मुलांना वाटा. हलव्याचे दागिने फोटोपुरते घालून लगेच काढा. दोरा ओढून मूल दाणे तोडतंच.

एळ्ळु-बेल्ल: गूळ न वितळवता

कर्नाटकात पाकाची भानगडच नाही. तीळ अर्धी वाटी, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांच्या पाकळ्या एक वाटी, डाळं पाऊण वाटी, सुक्या खोबऱ्याचे बारीक चौकोनी तुकडे एक वाटी आणि तेवढेच गुळाचे तुकडे. हे सगळं नुसतं एकत्र करायचं. अवघड वाटत नाही, पण मेहनत चिरण्यात आहे. खोबऱ्याची तपकिरी पाठ खरवडून काढावी लागते. गूळ घट्ट, कोरडा हवा. हरभऱ्याएवढे तुकडे आठ-दहा दिवस आधी कापून उन्हात वाळवतात, कारण ताजा कापलेला गूळ पाझरतो, त्याला तीळ चिकटतात आणि दोन दिवसांत सगळ्याचा एक गोळा होतो. खोबरंही उन्हात सुकवा, ओलसर राहिलं तर बुरशी धरतं.

वाटायला निघताना सोबत उसाचा तुकडा, केळं आणि साखरेचे साचे. साच्यात पाडलेल्या या पांढऱ्या बाहुल्या, पक्षी, मंदिरं यांना 'सक्करे अच्चु' म्हणतात. देताना म्हणतात, 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि', तीळगूळ खा आणि चांगलं बोला. जवळपास आपलंच वाक्य. कानडी घरून असं ताट आलं तर ते रिकामं परत करू नका, आपला लाडू ठेवून द्या.

पोंगल: गूळ केव्हा घालायचा

तमिळ घरात दिवस चार: भोगी, तै महिन्याच्या पहिल्या तारखेचा पोंगल, गाई-बैलांचा माट्टु पोंगल आणि भेटीगाठींचा काणुम पोंगल. आपली बैलांची पूजा पोळ्याला किंवा बेंदराला, त्यांची इथे. गंमत अशी की माट्टु पोंगल येतो तो नेमका आपल्या किंक्रांतीला. मराठी घरांत त्या करिदिनी नवं काम सुरू करत नाहीत आणि तमिळ घरांत तो मोठा आनंदाचा दिवस असतो. गृहसंकुलाचा एकत्र कार्यक्रम त्या दिवशी ठेवायचा असेल तर दोन्हीकडच्या ज्येष्ठांना आधी विचारा.

सक्करै पोंगलला, म्हणजे गुळाच्या गोड भाताला, नवे तांदूळ २०० ग्रॅम, मूगडाळ ५० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम, दूध पाव लिटर, पाणी एक लिटर, तूप अर्धी वाटी, काजू, बेदाणे, वेलदोडा. खायचा कापूर तांदळाच्या दाण्याएवढा, त्याहून जास्त पडला तर सगळा भात औषधासारखा लागतो. भांड्याच्या गळ्याला हळदीचं ओलं रोप बांधतात. दूध-पाणी उकळून काठावरून ओसंडलं की 'पोंगलो पोंगल' म्हणतात आणि मग धुतलेले तांदूळ आणि भाजलेली डाळ आत पडते. अंगणातल्या चुलीवर हे छान होतं. गॅसवर करताना मात्र उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझते आणि गॅस वाहत राहतो, म्हणून भांडं लहान घ्या, नजर हलवू नका आणि दूध काठाला आलं की बटण बंद करून मग उतू जाऊ द्या. रथसप्तमीला दूध उतू घालवतानाही हेच.

मुख्य नियम गुळाचा. भात आणि डाळ पळीने सहज घोटली जाईल इतकी मऊ झाल्याशिवाय गूळ घालायचा नाही. गूळ पडला की तांदूळ पुढे शिजत नाही, कितीही वेळ ठेवा, दाणा ताठच राहतो. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, म्हणून एक लिटरमधलं थोडं राखून ठेवा. गूळ वेगळ्या भांड्यात अर्धी वाटी पाण्यात वितळवून गाळून घाला, खडे निघतात. गूळ आंबटसर असला तर दूध फाटतं, म्हणून दूध भातात पूर्ण मुरल्यावरच तो ओता आणि आच कमी ठेवा. दहा मिनिटं घोटा, थोडं थोडं तूप सोडा. गार झाल्यावर भात घट्ट होतो, त्यामुळे हवा त्यापेक्षा सैल असतानाच उतरवा.

पूर्वेकडे

बंगालमध्ये पौष संक्रांतीला पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे पदार्थ. गूळ खजुरीच्या रसाचा, नोलेन गुड, थंडीतच मिळतो आणि त्याला धुराचा हलका वास असतो. तो दुधात घालताना पातेलं गॅसवरून उतरवून, दूध जरा निवल्यावर घाला. उकळत्या दुधात पडला की हमखास फाटतं.

आसामच्या माघ बिहूत आदल्या रात्री, उरुकाला, सामुदायिक जेवण आणि पहाटे मेजी, म्हणजे बांबू-गवताची होळी, पेटवणं. तिथला तीळपिठा फार देखणा. भिजवून निथळलेल्या चिकट बोरा तांदळाचं ओलसर पीठ कोरड्या तव्यावर गोल पसरतात, मधे काळे तीळ आणि गूळ, आणि गुंडाळी करतात. पिठातली ओलच त्याला बांधून ठेवते. दुकानातलं सुकं तांदळाचं पीठ वापरलं तर तव्यावर नुसता भुगा पसरतो. बिहारमध्ये सकाळी दही-चुडा, म्हणजे दही-पोहे, सोबत गयेचं तिळकूट. त्याचा पाक ओढून ओढून पांढरट करतात आणि मग तिळांबरोबर कुटतात. ते घरी करण्याच्या भानगडीत न पडता विकतच आणावं. थायलंडचा सोंगक्रानही संक्रांतीवरूनच नाव घेऊन आला आहे, पण तो मेष संक्रांतीचा, एप्रिलमधला.

पतंग

गुजरातेत १४ ला उत्तरायण आणि १५ ला वासी उत्तरायण, गच्चीवर उंधियू, जिलेबी आणि चिक्की. आपल्याकडे येवल्याचे तीन दिवस प्रसिद्ध आहेत, नागपूरही मागे नाही. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तो तुटत नाही, माणसाचा गळा चिरतो. सुती दोराच घ्या. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उतरवा, ती पक्ष्यांच्या जाण्या-येण्याची वेळ. दुचाकीवर या आठवड्यात गळ्याभोवती जाड मफलर हवाच. झाडावर अडकलेला मांजा दुसऱ्या दिवशी काठीने काढून गुंडाळून टाका.

हळदीकुंकू आणि हलवा

सुगडी पाच आणा आणि आणल्यावर ठोकून वाजवून बघा. भद्द आवाज आला तर तडा आहे. आत गाजर, ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळगूळ. वाण वापरातलं निवडा. प्लास्टिकच्या वीस वाट्या कुणाच्या कपाटात पडून राहतात, त्यापेक्षा पाव किलो तीळ, भाजीचं बियाणं, कापडी पिशवी बरी. आणि बोलावताना सगळ्या बायकांना बोलवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर अनेक गावांनी तो केला. घरच्या हळदीकुंकवाला तर ठरावाचीही गरज नाही. दारात आलेल्या प्रत्येकीला आधी विचारून, तिला हवं असेल तर कुंकू लावा. तीळगूळ आणि वाण मात्र सगळ्यांना सारखंच.

काटेरी हलवा घरी करायचा असेल तर चार दिवस हाताशी ठेवा. साखर एक वाटी, पाणी पाऊण वाटी. उकळताना चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढा, लिंबाचे चार थेंब टाका आणि एकतारी होण्याच्या जरा आधी उतरवा. पसरट परातीत दोन मोठे चमचे पांढरे तीळ कोमट करा, पाकाचा फक्त पाव चमचा टाका आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहा. पूर्ण कोरडे झाले की पुढचा पाव चमचा. पाक जास्त पडला की तिळाचे गोळे होतात, आच जास्त झाली की हलवा पिवळा पडतो. दिवसाला दोन-अडीच तासांच्या बैठकीत काटा हळूहळू उभा राहतो. थंड, कोरडी हवा लागते. आभाळ आलं, हवा ओलसर झाली की काटे बसतात आणि दाणा गुळगुळीत होतो. तशा दिवशी परात झाकून ठेवा आणि ऊन पडल्यावर पुढे सुरू करा.